नाणेघाट : सुट्टीतला एक दिवस आणि दोन हजार वर्षं



डिसेंबर जवळ आला की आपल्यापैकी बरेच जण तिकिटं काढतात. तीन आठवड्यांत दोन लग्नं, दाताचा डॉक्टर, बँकेची कामं, मॉल आणि उरलेल्या वेळात पोट बिघडणं. त्यातला एक दिवस काढून नाणेघाटात जा, असं सुचवायला हे लिहितोय. माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं, त्यामुळे थोडा पक्षपात होणारच. :-)

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला जाताना वैशाखरे गावाच्या पुढे डाव्या-उजव्या टपऱ्या संपल्या की सह्याद्रीची भिंत समोर येते. तिच्यातल्या एका खाचेत नाणेघाट आहे. ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी जुन्नरहून घाटघरपर्यंत गाडी जाते. पण शक्य असेल तर खालूनच चढा, कारण वाट हाच इतिहास आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच दगडी वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी.

घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. व्यापारी जकातीची नाणी यात टाकत असं सांगतात. न्यू जर्सीत टोल भरून भरून कंटाळलेल्या माणसाला हे लगेच पटतं. मात्र शेजारच्या गुहेतल्या लेखाचा जेवढा भाग वाचता येतो, त्यात जकातीचा शब्दही नाही. त्यात आहे एका राणीने केलेल्या यज्ञांचा हिशोब.

ही राणी नागनिका, पहिल्या सातकर्णीची बायको. लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आणि साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकातला (काही जण आणखी मागे नेतात). सुरुवातीला संकर्षण-वासुदेव, चंद्र आणि यम-वरुण वगैरे लोकपालांना नमस्कार. मग राणीचं वर्णन : महिना-महिना उपवास करणारी, घरातच तपस्विनीसारखी राहणारी, वेदिश्रीची आई. आणि मग दक्षिणेची यादी. एका यज्ञाला १२ गाई आणि १ घोडा. दुसऱ्या ठिकाणी १,७०० गाई, १० हत्ती. पुढे ११,००० गाई, १,००० घोडे, २४,४०० कार्षापण. आपण चेकवर लिहितो तसं 'बारा' आधी अक्षरात आणि मग आकड्यात!

प्रोग्रॅमर मंडळींनी इथे थोडं थांबावं. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी हे एक आहे. यात शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. दहाचं चिन्ह वेगळं, शंभरचं वेगळं, हजाराचं वेगळं, आणि चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चार जोडायचे. तरी काही अंक पाहिले की आपल्या आजच्या अंकांचे पणजोबा ओळखू येतात. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा अभ्यास केला, आणि १८८३ मध्ये ब्यूलरने लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं. त्याआधी १८२८ मध्ये कर्नल साईक्सच्या नजरेस ही गुहा पडली होती.

गुहेच्या मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते : सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, तिचे वडील महारठी, राजपुत्र. आज पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं एवढंच उरलंय. या जोडप्याच्या नावात आधी 'देवी नायनिका' आहे आणि मग 'राजा सातकर्णी'. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. आणि एवढा मोठा जमाखर्च रानात, घाटाच्या तोंडावर का कोरायचा? माझं मत सांगतो. हा माल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला घराण्याची ऐपत दाखवणारा फलक होता.

ऐपत दाखवायची गरजही होती. पुढे पहिल्या शतकात क्षत्रपांनी हा मुलूख बळकावला. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात म्हटलंय की कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे बंदर तोडलं की घाट आपोआप सुना. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरच्याच मानमोडी डोंगरात आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला मिळाला : तेरा हजारांवर चांदीची नाणी, आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश नाण्यांवर नहपानाच्या छापावरच गौतमीपुत्राचा शिक्का ठोकलेला.

आता वाईट बातमी. पावसाळ्यात इथला उलटा धबधबा (वाऱ्याने पाणी परत वर उडतं) बघायला पुण्या-मुंबईहून एवढी गर्दी होते की वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. ती येईना का, घाटघरच्या लोकांना चार पैसे मिळतात. पण लेख पाझराने आणि काळाने आधीच झिजलाय, मधल्या ओळींत मोठी भगदाडं आहेत, त्यातच कोणीतरी 'अमुक लव्ह तमुक' कोरून ठेवतं. गुहेत चूल पेटवून काजळी धरवणारे ट्रेकर्सही कमी नाहीत, आणि त्यात आपल्यासारखेच शिकलेले असतात.

तेव्हा जाल तर डिसेंबर-जानेवारीत, सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात किंवा बाजूने धरलेल्या टॉर्चच्या उजेडात अक्षरं उठून दिसतात. खडू लावू नका, हात फिरवू नका. मुलांना १२ चा आकडा शोधायला लावा; माझ्या मुलीला दहा मिनिटं लागली. जेवण घाटघरला सांगून ठेवलंत तर पिठलं-भाकरी गरम मिळते. वेळ उरला तर जीवधन समोरच आहे, पण त्याची वाट अवघड आहे, गावातला माणूस बरोबर घ्या.