ओव्याच्या फुलाची कुळकथा

काष्ठौषधींच्या दुकानात ‘ओव्याचे फूल’ मागितले की पांढरे, उग्र वासाचे खडे मिळतात. ओव्याच्या झाडाला येणाऱ्या फुलाशी त्यांचा संबंध नाही. ओव्याचे तेल थंड जागी ठेवले, की त्यातून हे स्फटिक वेगळे होतात. पुदिन्याचे फूल आणि कापूर यांच्यासह ते एका बाटलीत घातले, तर तिन्ही घन पदार्थ पाण्याचा थेंबही न घालता पातळ होतात, हीच अमृतधारा. रसायनशास्त्रात या खड्यांना थायमॉल म्हणतात. हे नाव मात्र भूमध्य सागराकाठच्या थाइम या झुडपाचे आहे, आणि या पदार्थाच्या इतिहासात ओव्यावर झालेला अन्याय इथूनच सुरू होतो.

थाइमच्या तेलातून हा स्फटिक १७१९ मध्ये कास्पार नॉयमन याने मिळवला. १८५३ मध्ये लालमाँ याने त्याला नाव दिले. ओव्याच्या तेलातला स्फटिकही तोच आहे, हे स्टेनहाउस आणि हेन्स यांनी त्याच दशकात दाखवून दिले. पण तोवर बारसे उरकले होते.

ओव्याच्या स्वतःच्या नावाचाही वाद आहे. ‘ओवा’ आणि हिंदी ‘अजवायन’ ही रूपे संस्कृत ‘यवानी’कडे नेली जातात. ‘यवानी’ म्हणजे यवनांकडून आलेली, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ओव्याचे मूळ पश्चिमेकडे, बहुधा इजिप्तच्या बाजूला मानतात, त्यामुळे ती पटकन पटते. व्याकरण मात्र तिच्या आड येते. पाणिनीच्या सूत्रावरील वार्तिकांत ‘यवन’ शब्दापासून ‘यवनानी’ हे रूप होते आणि ते यवनांच्या लिपीला लावले आहे. ‘यवानी’ हे रूप ‘यव’ म्हणजे जव या शब्दापासून साधले असून त्याचा अर्थ सदोष जव असा दिला आहे. व्याकरणकाराला हा मसाला अभिप्रेत होता का, हे वार्तिकावरून ठरत नाही. तरीही ओव्याचा बारीक, उभ्या रेघांचा, करडा दाणा खुरटलेल्या जवासारखा दिसतो, हे ध्यानात घेतले तर जवाची बाजूच वरचढ ठरते. यवनांची व्युत्पत्ती सोडून द्यावी.

थायमॉलला जगभर मागणी आली ती अंकुशकृमीमुळे. इटलीत बोत्सोलो याने १८८० च्या सुमारास या कृमीवर थायमॉल वापरले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या रॉकफेलर सॅनिटरी कमिशनने अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याचाच आधार घेतला. ओव्याच्या दाण्यांतून साधारण २ ते ४ टक्के तेल निघते आणि त्यातला मोठा वाटा थायमॉलचा असतो. म्हणून हिंदुस्थानातला ओवा जहाजांतून जर्मनीला जाई आणि तिथे त्याचे थायमॉल काढले जाई. १९१४ च्या महायुद्धाने ही वाट बंद झाली, थायमॉलचा तुटवडा पडला आणि ओव्याचे तेल हिंदुस्थानातच गाळण्याचे उद्योग सुरू झाले. पुढे मेटा-क्रेसॉलपासून कृत्रिम थायमॉल बनू लागले आणि ओव्याची ती गरज ओसरली.

या उपचाराचे एक पथ्य फार बोलके आहे. थायमॉल घेतलेल्या रोग्याला तेल, तूप आणि मद्य वर्ज्य असे, आणि मागून मॅग्नेशियम सल्फेटचा जुलाब दिला जाई. थायमॉल पाण्यात फारसे विरघळत नाही. मेदात आणि मद्यात सहज विरघळते. स्निग्ध अन्नाबरोबर ते रक्तात शिरून रोग्यालाच विषारी ठरण्याचा धोका होता. मेदाची हीच ओढ त्याला जिवाणूंविरुद्धही उपयोगी पडते. जिवाणूच्या पेशीभोवतीचे पटल मेदांचे असते. थायमॉल त्यात घुसते, पटल सैल पडते, आतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि पेशीचा ऊर्जासाठा संपतो.

पण मेदाची ओढ एवढे कारण पुरेसे नाही. ओव्याच्या तेलात पॅरा-सायमीनही असते. ते पटल फुगवते, तरी एकटे असताना जिवाणूला फारसे मारत नाही. थायमॉलच्या रेणूत त्याहून जास्त आहे तो हायड्रॉक्सिल गट. २००२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी थायमॉलचाच भाऊबंद असलेल्या कार्व्हाक्रॉलवर काम करून असे मांडले, की हा गट बाहेरचा प्रोटॉन पटलातून आत नेऊन सोडतो, परतताना पोटॅशियम घेऊन जातो आणि पेशीचा विद्युतभार बिघडवतो. २००६ मध्ये त्याच देशातून उलट पुरावा आला: हायड्रॉक्सिलच्या जागी अमिनो गट बसवलेला रेणूही जिवाणू मारतो, फक्त त्याची ताकद काहीशी कमी असते. त्यामुळे प्रोटॉन वाहून नेण्याची कल्पना सर्वस्वी मान्य करता येत नाही. तेलकट अंगाला पाण्याकडे ओढ घेणारे एखादे टोक हवे, आणि त्या कामाला हायड्रॉक्सिल सर्वांत चांगले, एवढा निष्कर्ष दोन्ही प्रयोगांना धरून आहे. सायमीनही वाया जात नाही. पटल फुगवून ते जोडीदाराला वाट करून देते.

ग्रॅम-ऋण जिवाणूंना या पटलाबाहेर आणखी एक आवरण असते आणि ते तेलकट रेणूंना अडवते. स्यूडोमोनास एरुजिनोसा तर आत शिरलेले रेणू पंपासारख्या प्रथिनांनी बाहेरही फेकतो, म्हणून ओव्याच्या तेलाला तो बहुतांशी दाद देत नाही.