काचेच्या धाग्यांची गाडी

मागच्या उन्हाळ्यात एका जुन्या गाडीचे बॉनेट घरीच फायबरग्लासचे करायचे, असे मी आणि मुलाने ठरवले. ऑगस्टमध्ये तो कॉलेजला जाणार, त्याआधी गाडी रस्त्यावर यायला हवी होती. थर्माकोलचा आकार कोरला, त्यावर काचेची चटई अंथरली आणि पॉलिएस्टर रेझिन ओतले. बघता बघता आकार विरघळून खाली बसला! या रेझिनमध्ये स्टायरीन असते, आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच. "डॉक्टरेट कशात म्हणालात?" सौ.ने विचारले. तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली. मग मुकाट्याने ग्रंथालयात जाऊन बसलो.

मंडळी, फायबरग्लासचा जन्मसुद्धा एका फसलेल्या प्रयोगातूनच झालेला आहे. १९३२ साली ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण काचेचे ठोकळे वितळलेल्या काचेने जोडू पाहत होता. हवेच्या झोताने काचेचे बारीक धागे झाले आणि गेम्स स्लेटर यांच्या हाताखाली त्याचा उद्योग उभा राहिला. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग स्थापन झाली. धाग्यांना पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाली. रडारच्या लहरी यातून आरपार जातात, म्हणून दुसऱ्या महायुद्धात विमानांवरील रडारची आवरणे याचीच झाली.

युद्धानंतर हे साहित्य आधी बोटी बांधणाऱ्यांच्या हाती आले. कॅलिफोर्नियातील बिल ट्रिट त्यांपैकीच एक. बोटीचा साचा करता येतो तर गाडीचा का नाही, या विचारातून त्यांची ग्लासपार जी-२ तयार झाली. आपल्यासारख्या गॅरेजवाल्यांचे खरे पूर्वज हेच! १९५३ मध्ये शेवरोलेने मिशिगनमधील फ्लिंट येथे ३०० कॉर्व्हेट बनवल्या, सगळ्या पांढऱ्या. थोड्या गाड्यांसाठी पोलादाचे महागडे डाय करणे परवडणारे नव्हते. पुढे पोलादाकडे वळायचा विचार होता, तो मात्र राहूनच गेला.

आमच्यापुढे प्रश्न होता तो रेझिनचा. एपॉक्सी मजबूत, आकसते कमी, थर्माकोलही विरघळवत नाही. पण साध्या चटईतले धागे ज्या चिकट द्रव्याने बांधलेले असतात ते स्टायरीनमध्ये विरघळते, एपॉक्सीत नाही; चटई ताठच राहते. शिवाय गॅरेजच्या तापमानाला घट्ट झालेले बरेचसे एपॉक्सी इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडते, आणि बॉनेट तर इंजिनाच्या डोक्यावरच! पॉलिएस्टर स्वस्त, पण ठिसूळ. शेवटी दोघांच्या मधले व्हिनाइल एस्टर घेतले. त्यातही स्टायरीन आहेच, म्हणून आकार या वेळी युरेथेन फोमचा कोरला. हार्डनर डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्म्याशिवाय मुलाला डबा उघडू दिला नाही. यावरून आमचे एकदा चांगलेच वाजले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बॉनेट बसले. रंगाला वेळ उरला नव्हता. त्याच अवतारात गाडी घेऊन आम्ही त्याला वसतिगृहावर सोडून आलो.