एका इंजिनाचा आवाज

माझ्या पुतण्याचा मोबाइल वाजला की आमच्या घरातली मांजर पलंगाखाली जाते. त्यानं घंटीच्या जागी एका शर्यतीच्या गाडीचा आवाज भरून ठेवलाय. आधी घशातली गुरगुर, मग नवं मांजरपाट टर्रकन फाडत न्यावं तसा चढत जाणारा सूर, आणि गिअर उतरवताना लवंगी फटाक्यासारखा फटफटाट. एकदा मी त्याला विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, "चाचा, ही माझदाची सातशे सत्त्याऐंशी बी. एक्क्याण्णव साली हिनं ल मॉंची चोवीस तासांची शर्यत मारली. रोटरी इंजिन होतं. बाकीच्यांची अशी तंतरली की दुसऱ्याच वर्षी त्यांनी त्या इंजिनावर बंदी घातली."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, कविता करतो. इंजिनाशी माझा संबंध आला तो मामूंमुळे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांचं बोअरिंगचं दुकान होतं. शाळेच्या सुट्टीत मी तिथं एका उलट्या डब्यावर बसून असायचो. ट्रक, जीप, शेतावरची ऑइल इंजिनं; सिलिंडर घासायचे, पिस्टनच्या रिंगा बदलायच्या, हे तिथलं रोजचं काम. मामू लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "दोन नंबरचं बेअरिंग बोलतंय," म्हणायचे. उघडल्यावर बहुतेक वेळा तेच निघायचं.

पुतण्याची गोष्ट मी मामूंच्या कानावर घातली. आता त्यांच्या कानावर काही घालायचं म्हणजे ओरडूनच घालावं लागतं. ते म्हणाले, "रिंगांच्या जागी काय घालतात त्यात?" उत्तर ना मला ठाऊक, ना पुतण्याला. मग मी वाचत गेलो. रेडिओवर बोलायचं ठरलं तेव्हा हाच विषय घेतला.

मामूंच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि त्या वर-खालीचं रूपांतर फिरण्यात करावं लागतं. म्हणजे प्रत्येक फेरीत पिस्टन दोनदा थांबतो, दोनदा उलटा वळतो. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल याला हे पटत नव्हतं. शेवटी चाकच फिरवायचं आहे, तर इंजिनानं आतूनच फिरावं, हा त्याचा ध्यास. त्याच्या इंजिनात दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखी, कमरेत किंचित दबलेली पोकळी असते. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. समोसाच म्हणा ना. त्याची तिन्ही टोकं भिंतीला सतत घासत जातात आणि भिंत व समोसा यांच्यात तीन कप्पे तयार होतात. फिरता फिरता एक कप्पा हवा-पेट्रोल ओढतो, दुसऱ्यात ते दाबून पेटतं, तिसरा धूर बाहेर टाकतो. व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, वर-खालीचा हादरा नाही. सगळी मदार त्या तीन टोकांवर. तिथं बसवलेली पट्टी म्हणजे मामूंची रिंग. ती झिजली की सगळं संपलं.

वांकेल काही साधुपुरुष नव्हता. विशीतच तो हिटलरच्या पक्षात शिरला. पुढे पक्षातल्या भांडणात बाहेर पडला, १९३३ मध्ये काही महिने तुरुंगातही होता, आणि सुटल्यावर त्याच राजवटीच्या विमान खात्यासाठी काम करत राहिला. पदवी नाही, दृष्टी अधू, त्यामुळे मोटार चालवायचा परवाना या माणसानं आयुष्यात कधी काढला नाही. युद्धानंतर एनएसयू या जर्मन कंपनीनं त्याला हाताशी धरलं. १९५७ च्या फेब्रुवारीत त्याचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. प्रत्यक्षात गाडीत बसू शकेल असं सुटसुटीत रूप त्याला कंपनीच्याच पाश्के नावाच्या अभियंत्यानं दिलं. वांकेलला ते रूप फारसं आवडलं नव्हतं म्हणतात.

१९६७ मध्ये एनएसयूनं 'आरओ ८०' ही देखणी गाडी आणली. तिला युरोपातली वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं गेलं. आणि मग टोकांच्या पट्ट्या झिजू लागल्या. कंपनीला हमीपोटी इंजिनामागून इंजिन बदलून द्यावं लागलं. या गाडीचे दोन मालक रस्त्यात समोरासमोर आले की हात हलवण्याऐवजी बोटं दाखवायचे, किती इंजिनं बदलून झाली ते. असा विनोद तिकडे प्रसिद्ध आहे. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवागनच्या पंखाखाली गेली.

आता गोष्ट हिरोशिमाला जाते, कारण हे इंजिन जगवलं ते तिथल्या लोकांनी.

तोयो कोग्यो ही तिथली कंपनी. १९३१ पासून तीनचाकी मालगाड्या बनवायची. गाडीला नाव दिलं माझदा. संस्थापक जुजिरो मात्सुदा यांच्या आडनावाशी ते जुळतं, आणि पारशी ज्याची उपासना करतात त्या अहुर मझ्दाचंही ते नाव आहे. मुंबईच्या अग्यारीत घेतलं जाणारं नाव जपानी मालगाडीवर गेलं. पुढे स्वराज माझदाच्या छोट्या ट्रकवरून आणि शाळेच्या बसवरून ते आपल्या रस्त्यांवरही फिरलं. मी स्वतः कित्येक वर्षं ते 'माझा-दा' असं वाचायचो.

६ ऑगस्ट १९४५ हा मात्सुदा यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या सकाळी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. मात्सुदा वाचले. कारखाना गावाबाहेर, एका टेकडीच्या आडोशाला असल्यानं उभा राहिला. शहरात इमारतच उरली नव्हती, म्हणून प्रांताचं सरकारी कामकाज काही महिने या कारखान्यातून चाललं. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बाहेर पडू लागली.

मात्सुदांचे चिरंजीव त्सुनेजी पुढे प्रमुख झाले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपान सरकारच्या मनात मोटार कंपन्यांची एकत्र मोट बांधायचं होतं. लहान कंपन्या मोठ्यांत विरघळल्या असत्या. स्वतंत्र राहायचं तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं, असं त्सुनेजींनी ठरवलं आणि १९६१ च्या सुमारास एनएसयूकडून वांकेल इंजिनाचा परवाना घेतला. ज्या इंजिनाचे दोष त्याच्या जन्मदात्यांना निस्तरता आले नव्हते, त्यावर एका शहराची रोजीरोटी लावली. मला विचाराल तर हा शुद्ध जुगार होता.

१९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांची तुकडी नेमली गेली. जपानी लोककथेतल्या ४७ सामुराईंशी आकडा जुळला, म्हणून त्यांना तेच नाव पडलं. त्यांच्यापुढे दोष एकच होता. काही तास चाललं की शेंगेच्या आतल्या भिंतीवर आडवे ओरखडे उठायचे. त्यांनी त्याला नाव ठेवलं सैतानाच्या नखांच्या खुणा. अभियंते असून माणसं काय नाव ठेवतात पाहा! टोकाची पट्टी भिंतीवर सरळ न घसरता थरथरत जाते, आणि त्या थरथरीनं भिंत खरवडते, हे त्यांच्या ध्यानात आलं. पट्टीची थरथर बदलायला त्यांनी ती आतून पोखरून पाहिली. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी टिकली. ३० मे १९६७ ला कॉस्मो ही गाडी विक्रीला आली. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरवल्या. एक ८२ व्या तासाला बाद झाली, दुसरी चौथी आली. एनएसयूच्या गिऱ्हाइकांची बोटं मोजून होत होती त्याच काळातली ही गोष्ट आहे.

पण सैतानाचं नख गेलं तरी तहान गेली नाही. त्या चपट्या लांबट कप्प्यात पेट्रोल नीट जळत नाही, बरंचसं धुराबरोबर निघून जातं. १९७३ चा तेलाचा भडका उडाला आणि माझदा बुडायच्या बेताला आली, बँकेनं सावरलं. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं १९७० मध्ये पाच कोटी डॉलर मोजायचं कबूल करून हे इंजिन घेतलं होतं, तिनं १९७४ मध्ये ते गुंडाळून ठेवलं. एकेक करत सगळे गेले. गाड्यांसाठी जिद्दीनं उरली ती माझदा, आणि ती हे इंजिन घेऊन वर्षानुवर्षं ल मॉंला जात राहिली. कधी पात्रता फेरीतच घरी, कधी रात्रीत बंद. १९९० मध्ये नव्या दोन्ही गाड्या अर्ध्यावर थांबल्या.

आता पुतण्याच्या बंदीकडे येतो. स्पोर्ट्स गाड्यांच्या जागतिक शर्यतींत साडेतीन लिटरची, बिनटर्बोची पिस्टन इंजिनंच चालतील, हा नियम १९९१ च्या शर्यतीआधीच ठरून गेला होता. नव्या नियमाच्या गाड्या पुरेशा जमल्या नाहीत, म्हणून जुन्यांना आणखी एक वर्ष मुभा मिळाली. माझदा जिंकल्यामुळे बंदी आली नाही. बंदी ठरलेलीच होती, जाता जाता माझदा जिंकली. मी हे सांगितल्यावर पुतण्याचा चेहरा पडला. त्याच्या मित्रांत दुसराही एक पक्ष आहे. त्यांचं म्हणणं, जिंकली ती वजनाच्या सवलतीवर. यात तथ्य आहे. जुन्या नियमाच्या मर्सिडीज, जॅग्वार यांना किमान १,००० किलो वजन ठेवावं लागत होतं आणि माझदाला ८३०. माझदाच्या शर्यत पथकाचे प्रमुख ताकायोशी ओहाशी यांनी ही सवलत मागून मिळवली. तेव्हा कुणी मोठी हरकत घेतली नाही, कारण माझदा जिंकेल असं कुणाला वाटतच नव्हतं.

२२ जून १९९१. नारिंगी-हिरव्या पट्ट्यांची ५५ नंबरची माझदा एकोणिसाव्या जागेवरून निघाली. चालवणारे तिघे : जर्मनीचा फोल्कर वाइडलर, इंग्लंडचा जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो. त्या शर्यतीचा एक नियम हौशी मंडळी सांगायला विसरतात. जुन्या नियमाच्या प्रत्येक गाडीला चोवीस तासांसाठी २,५५० लिटर पेट्रोल, त्यावर थेंब नाही. अवजड जॅग्वारना त्यामुळे हात आखडून धावावं लागलं. ज्या इंजिनाला जगानं पेट्रोलपिऊ म्हणून हाकललं, तेच हलक्या गाडीत बसून पेट्रोलच्या हिशेबात इतरांना भारी पडत होतं. चार समोशांचं ते इंजिन. प्रत्येकाला तीन स्पार्क प्लग, वेगानुसार कमी-जास्त लांबीच्या होणाऱ्या हवेच्या नळ्या, ७०० अश्वशक्ती, आणि टोकांना सिरॅमिकच्या पट्ट्या. मामूंच्या प्रश्नाचं उत्तर हे.

रविवारी दुपारपर्यंत मर्सिडीज पुढे होती. शेवटचे तीनेक तास उरले असताना ती तापली आणि बाद झाली. दुसऱ्या एका मर्सिडीजमध्ये मायकेल शूमाकर नावाचा पोरगा होता, त्याची गाडी पाचवी आली. (दोनच महिन्यांनी गाशोला लंडनमधल्या एका टॅक्सीवाल्याशी झालेल्या भांडणापायी तुरुंग झाला आणि फॉर्म्युला वनमधली त्याची रिकामी जागा याच पोराला मिळाली. इतिहास असाही घडतो.) माझदा पुढे आली ती पुढेच राहिली. ३६२ फेऱ्या, सुमारे ४,९२२ किलोमीटर. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आलेल्या तिन्ही जॅग्वार. इंजिन नंतर उघडलं तेव्हा आतून ते ठणठणीत निघालं. ल मॉंला पिस्टन नसलेलं इंजिन त्याआधी कधी जिंकलं नव्हतं, नंतरही जिंकलेलं नाही. वांकेल १९८८ मध्येच वारला होता.

१९९२ मध्ये माझदा पुन्हा आली ती इंग्लंडच्या जडचं दहा सिलिंडरचं पिस्टन इंजिन घेऊन. चौथी आली. त्या गाडीचा आवाज पुतण्यानं मोबाइलमध्ये ठेवलेला नाही.

मामूंना हे सगळं मी कागदावर लिहून दिलं. दुकानातल्या पन्नास वर्षांच्या घणघणाटानं त्यांचे कान गेलेत. इंजिन ऐकून सांगणारा माणूस आता घड्याळाचा गजर ऐकत नाही. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ वाइडलरची होती. जिंकल्यानंतर वर्षभरातच, १९९२ मध्ये, त्याच्या कानात अखंड आवाज घुमू लागला आणि त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. तेव्हा त्याचं वय तिशीच्या आसपास होतं. जगभरचे शौकीन ज्या आवाजावर जीव टाकतात, त्या आवाजाच्या पुढ्यात तो रात्रभर बसला होता. मामूंनी विचारलं, "कापूस घातला नव्हता कानात?" मी म्हटलं, काहीतरी घातलंच असेल. "मी पण घालायचो," ते म्हणाले.

पुतण्यानं मग त्यांना एक चित्रफीत दाखवली. शेवटच्या टप्प्यात गाडी हर्बर्टच्याच हातात होती. उतरला तो अंगातलं पाणी आटून कोसळला आणि त्याला दवाखान्यात नेलं. त्यामुळे विजेत्यांच्या चौथऱ्यावर त्या दिवशी दोघेच उभे राहिले. २०११ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून माझदानं ती गाडी दुरुस्त करून पुन्हा ल मॉंला नेली, हर्बर्टनं ती प्रेक्षकांसमोर चालवली आणि त्या वेळी तो चौथऱ्यावर चढला. पुतण्यानं आवाज पूर्ण वाढवला होता. मांजर पलंगाखाली गेली. मामूंनी मोबाइल हातात घेतला, त्याच्या पाठीवर बोटं टेकवली आणि गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तशीच ठेवली.