तारप्याची बखर

गेल्या वर्षी आमच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, वारली चित्रात मधोमध उभा असलेला माणूस काय वाजवतो?" मी म्हटले, "तारपा." "त्याचा इतिहास कुठे वाचायला मिळेल?" या दुसऱ्या प्रश्नाला मात्र मला चटकन उत्तर देता आले नाही.

आम्ही इतिहासाची माणसे आधी कागद शोधतो. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतल्या वारल्यांचे कागद मिळतात. नाही असे नाही. पण ते कसले? सावकाराच्या कर्जाचे, जमिनी गेल्याचे, वेठबिगारीचे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली वारली या वेठीविरुद्ध उठले, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला. त्याची नोंद आहे. म्हणजे दप्तरात वारली दिसतो तो ऋणको म्हणून, नाहीतर बंडखोर म्हणून. संध्याकाळी अंगणात तो काय वाजवीत होता, हे लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटणार?

बरे, जुने वाद्यच पाहावे, तर तेही टिकत नाही. तारपा होतो वाळलेल्या दुधी भोपळ्याचा. भाजीचा दुधी आपण कोवळा तोडतो. हा वेलावर जून होऊ द्यायचा, वाळवायचा आणि आतून पोखरायचा. त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवायच्या, त्यांच्या तोंडाशी बांबूच्याच जिभळ्या, शेवटी ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे मेणाने बुजवायचे. भोपळा तडकतो, पाने झडतात, की पुन्हा नवा तारपा बांधायचा. जुने राहते ते फक्त बांधणाऱ्याचे ज्ञान.

वाजवणेही सोपे नाही हं! तारपकरी गालांत हवा साठवतो. तीच हवा वाद्यात सोडता सोडता नाकाने नवा श्वास घेतो. त्यामुळे सूर मध्ये तुटत नाही. बायका-पुरुष एकमेकांना धरून त्याच्याभोवती फेर धरतात. म्होरक्या घुंगुरकाठी जमिनीवर आपटून ठेका देतो. चाल बदलली की पाऊल बदलते. एक नियम कटाक्षाने पाळतात: नाचताना तारप्याकडे पाठ करायची नाही.

कारण ही नुसती करमणूक नव्हे. तारपा घुमतो तो भात पिकून घरात येण्याच्या दिवसांत, आणि हा नाच देवांच्या पूजेशी जोडलेला असतो. धान्याची देवता कणसरी. तिची कथा भगत गातो ती मात्र घांगळीवर. घांगळी हे भोपळे लावलेल्या दांडीवर तार ताणून केलेले वाद्य. कोणत्या प्रसंगी कोणते वाद्य, हे ठरलेले आहे. हीच वारल्यांची बखर, फक्त कागदावर नाही एवढेच.

चित्र मात्र कागदावर आले आणि जगभर गेले. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज तारप्याचा फेर साडीवर आहे, कपबशीवर आहे. पण चित्राला आवाज नसतो. ज्यांच्या दिवाणखान्यात तो फेर टांगलेला आहे, त्यांतल्या कितीजणांनी तारपा ऐकला असेल?

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी शेवटी सांगितले, "पुस्तक शोधू नकोस. भाताच्या दिवसांत जव्हारकडे जा. तारपा वाजवणाऱ्याची परवानगी घेऊन सूर मुद्रित कर. तारपा कोणी बांधला, भोपळा कोणाच्या वेलाचा, वाजवायला कोणाकडून शिकला, ही नावे वहीत लिही."

तो गेला. त्याने आणलेल्या वहीत वाजवणाऱ्याचे नाव आहे, त्याच्या बापाचे आहे, आजाचेही आहे. कर्जाचा आकडा कुठेच नाही.