समुद्रपक्ष्यांच्या पोटातील प्लास्टिक

कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या शाळेत नकाशा पसरून ‘आपल्याला जवळचा समुद्र कोणता?’ असे विचारले, तर मुले अरबी समुद्रावर बोट ठेवतील. उत्तर बरोबर आहे. पण इथले पाणी तिकडे जात नाही. सह्याद्री आड येतो. ते कृष्णेतून कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याबरोबर वाहणारा कचरा काठावर, बंधाऱ्यांत आणि अलमट्टी, श्रीशैलम यांसारख्या धरणांत अडकतो. उरलेला पुढे जातो. समुद्रात पोचलेल्या प्लास्टिकचे काय होते, हे माणसाला हळूहळू उमगत गेले.

पॉलिथिन १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत योगायोगाने तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर त्याचे वेष्टन असे. युद्धानंतर ते घरोघर आले. ते पाण्यावर तरंगते आणि कुजत नाही. हे गुणच पुढे घातक ठरले.

१९६६ मध्ये केन्यन आणि क्रिडलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी हवाई बेटांच्या वायव्येकडील एका प्रवाळबेटावर लेसन अल्बट्रॉस पक्ष्याची शंभर मेलेली पिल्ले तपासली. सुमारे तीन-चतुर्थांश पिल्लांच्या पोटात प्लास्टिक निघाले. त्या निर्जन बेटावर ते आले कसे? आईबापांनी ते समुद्रावरून टिपून पिल्लांना भरवले होते. उडणारे मासे तरंगत्या वस्तूंना आपली अंडी चिकटवतात आणि अल्बट्रॉस ती खातो. हजारो वर्षे अशा वस्तू म्हणजे लाकूड किंवा सच्छिद्र दगड असत. पक्ष्याची सवय तीच राहिली, वस्तू मात्र बदलली.

१९७२ मध्ये कार्पेंटर आणि स्मिथ यांनी अटलांटिकमधील सारगॅसो समुद्रात, किनाऱ्यापासून खूप दूर, प्लास्टिकचे कण तरंगताना नोंदवले.

परंतु मेलेल्या पक्ष्याच्या पोटात प्लास्टिक सापडले, म्हणजे तो प्लास्टिकनेच मेला असे सिद्ध होत नाही. हा भेद विद्यार्थ्यांना जरूर समजावून द्यावा. दक्षिण आफ्रिकेतील पीटर रायन यांनी त्यासाठी साध्या कोंबड्यांवर प्रयोग केला. काहींना पॉलिथिनच्या गोळ्या खाऊ घातल्या, काहींना नाही. १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गोळ्या खाल्लेल्या कोंबड्या कमी खात आणि त्यांची वाढ मंद होई. पेषणीत प्लास्टिक साचले की अन्नाला जागा उरत नाही.

३१ डिसेंबर १९८८ पासून जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकण्यास आंतरराष्ट्रीय नियमाने बंदी आली. तरीही प्रश्न सुटला नाही, कारण बराचसा कचरा जमिनीवरून येतो. १९६२ ते २०१२ या काळातील अभ्यासांचा २०१५ मध्ये आढावा घेतला गेला. तपासलेल्या १३५ समुद्रपक्षी जातींपैकी ८० जातींत प्लास्टिक आढळले होते.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि देशाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. ती कितपत पाळली जाते, हे वर्गाला मोजता येईल. पावसाळ्यापूर्वी शाळेजवळच्या ओढ्याकाठी पन्नास पावलांच्या पट्ट्यातील प्लास्टिक प्रकारवार मोजावे आणि पहिल्या पुरानंतर पुन्हा मोजावे. जे तुकडे दिसेनासे झाले ते कुठल्या दिशेला गेले असतील, ते मुलांनीच नकाशावर दाखवावे.