नहपानाच्या जावयाची होडी

सुरत म्हटलं की मराठी माणूस 1664 सालच्या लुटीपाशी थांबतो. तुम्ही थांबू नका. लिंबायत-उधन्यातली खानदेशी वस्ती आणि यंत्रमागांचा खडखडाट मागे टाका, तापीच्या काठाने वर कामरेजला या आणि तिथून सुमारे एकोणीसशे वर्षं मागे सरका. नेमकं साल विचारू नका. त्या काळच्या क्षत्रपाच्या, म्हणजे नहपानाच्या, सालांवरून विद्वान अजून भांडतात.

पूल नाही, महामार्ग नाही. काठावर गाठोडी सांभाळत माणसं बसली आहेत. तुम्ही कमरेचं नाणं चाचपता, पण होडीवाला हात पुढे करत नाही. पलीकडे नेण्याचे पैसे नाहीत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तापी, दमण, पारदा, डहाणुका अशा नद्यांवर धर्मार्थ होड्या ठेवल्या आहेत. शेजारच्या माणसाला भरुकच्छ गाठायचंय, म्हणजे आपलं भडोच. तिथल्या बाजारात पैठणहून वीस दिवसांची वाट तुडवून आलेले अकीक आहेत, तेरहून आलेलं कापड आहे आणि समुद्रापलीकडून आलेली दारूही आहे. त्यातही गिऱ्हाइकांची पसंती इटलीच्या दारूला, असं एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय.

हा उषवदात जन्माने शक. तरी तो वर्षाला लाखभर ब्राह्मणांना जेवू घालतो. नाशिकला बौद्ध भिक्षूंसाठी लेणं कोरवतो आणि त्यांच्या वस्त्रांची सोय म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव ठेवतो. दोन हजार महिना एक टक्क्याने, हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी काढायचं नाही, व्याजावर वीस भिक्षूंची वस्त्रं. हा सगळा व्यवहार लेण्याच्या भिंतीवर कोरलेला आहे. सुरतेच्या कापडबाजारातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

पण तुम्हाला दुसरंच काही छळतंय. परका, राजाचा जावई, ब्राह्मणांचा यजमान, भिक्षूंचा दाता. मग हा समाजात बसतो कुठे? याच्याशी सोयरीक कोण करतं?

हा प्रश्न घेऊन 1909 सालच्या इथाकाला या. न्यूयॉर्क राज्यातल्या या गावी कॉर्नेल विद्यापीठात श्रीधर व्यंकटेश केतकर नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण राहतो. रायपूरचा जन्म, अमरावतीची शाळा, मुंबईचं विल्सन कॉलेज, आणि 1906 मध्ये थेट अमेरिका. (त्याच वर्षी नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.) या तरुणाचं जातिसंस्थेच्या इतिहासावरचं पुस्तक यंदा छापून आलंय. विषय समाजशास्त्राचा, पण साक्षीला उभा केलाय मनू, आणि तोही इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला म्हणून. त्यात जातीची दोन लक्षणं मांडली आहेत: सदस्यत्व जन्मानेच मिळतं आणि गटाबाहेर लग्न करता येत नाही.

सात वर्षं पुढे या. 9 मे 1916, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठातला मानववंशशास्त्राचा वर्ग. निबंध वाचणारा भीमराव आंबेडकरही पंचवीस वर्षांचाच. जातीकडे सुटं न पाहता जातिव्यवस्थेचा भाग म्हणून पाहिलं, याचं श्रेय तो केतकरांना देतो आणि लगेच त्यांच्या व्याख्येची गाठ सोडवतो. ही लक्षणं दोन नव्हेतच. बाहेर लग्न करू दिलं नाही की सदस्यत्व आपोआप जन्मावर येतं. मला स्वतःला आंबेडकरांचंच म्हणणं पटतं. लग्न हेच खरं कुलूप.

केतकरांच्या घरात त्या कुलपाचं काय झालं, ते 1920 मध्ये पाहा. एडिथ कोहन या ज्यू तरुणीशी त्यांना लग्न करायचंय. नोंदणीच्या कचेरीकडे जाण्याऐवजी ते वैदिक काळातला व्रात्यस्तोम उकरून काढतात. समाजाबाहेरच्याला आत घेण्याचा तो विधी. एडिथच्या शीलवती होतात, आणि पुढे विंटरनिट्झचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणतात. ज्याने दाराची व्याख्या केली, त्यानेच जुन्या पोथीतून किल्ली शोधली. ‘समाजशास्त्र सोडून प्राचीन इतिहासाकडे वळलेले केतकर’ असं कुणी म्हटलं की मला हे लग्न आठवतं. वळण कुठलं? प्रश्न तोच, साक्षीदार तेवढे अधिक म्हातारे.

केतकरांनी संपादित केलेल्या ज्ञानकोशाची वर्षं भरभर ओलांडा, नाहीतर तेवीस खंडांत अडकाल. पण एक ध्यानात घ्या: अकारविल्हे नोंदींना हात घालण्यापूर्वी पाच प्रस्तावनाखंड आहेत, आणि त्यांत ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’. कोशासाठी वर्गणीदार गोळा करणाऱ्या संपादकाला हा थाट परवडणारा नव्हता. तरी त्याने केला. मधल्या काळात ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्याही लिहिल्या, आणि त्यांतही लग्न कुणी कुणाशी करावं हीच कटकट. मग 1935 मध्ये ‘प्राचीन महाराष्ट्र : शातवाहन पर्व’. दोन वर्षांनी, 1937 मध्ये, पुण्यात ते गेले.

आता केतकरांची लग्नाबद्दल विचारण्याची ती खोड अंगात भिनवून नाशिकच्या लेण्यांत जा. उषवदाताच्या लेण्यापासून थोड्याच अंतरावर गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र गेलेला, नातू पुळुमावी गादीवर, आणि म्हातारी राजमाता मुलाचे पराक्रम कोरून घेते आहे. त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला, म्हणजे उषवदाताच्या सासऱ्याचं, नहपानाचं घराणं बुडवलं. आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबवला. राजकीय इतिहासकार पहिल्या ओळीपाशी रेंगाळतो. तुम्ही दुसरीपाशी बसा. जी गोष्ट घडतच नाही, ती थांबवल्याची बढाई कुणी मारत नाही.

मग मुंबईला, कान्हेरीला चला. पाण्याच्या एका टाक्यावरचा तुटका लेख वाचा. त्याच सातवाहन घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा तो उल्लेख करतो. ही राणी कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी, म्हणजे शकांच्याच घरची. तिचा बाप बहुधा रुद्रदामन. तो गिरनारच्या खडकावर सांगतो की सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे बुडवलं नाही.

राजमाता बलश्री संकर थांबवल्याचं कोरवते, आणि घरात सून येते ती शकांकडून. तिच्या मुलांना पंगतीत कुठे बसवत होते, हे कुठल्याच दगडावर नाही. राजांच्या याद्या जुळवणाऱ्याला त्याची उणीव भासणार नाही. 1909 चं पुस्तक लिहिणाऱ्याने आधी तेच विचारलं असतं.