खैतानची मुले आणि पाचगणीची वसतिगृहे

कुवेतच्या फरवानिया प्रांतातील खैतान येथे भारतीय अभ्यासक्रमाच्या खासगी शाळा आहेत, परंतु त्या दिवसा भरणाऱ्या. निवासी शिक्षणाची परंपरा पाहावयाची, तर आखातातील मराठी नोकरदाराची दृष्टी पाचगणीकडेच वळते. जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकात वसविलेल्या या गावी, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात, झांझिबारचा फारुख बुलसारा, म्हणजे पुढचा गायक फ्रेडी मर्क्युरी, १९५५च्या सुमारास दाखल झाला. १९२२ पासूनचे संजीवन विद्यालयही इथलेच. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि लाखाहून अधिक भारतीय मायदेशी परतले, तेव्हा मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न घरोघरी उभा राहिला. पाचगणीसारख्या ठिकाणच्या निवासी शाळांची दप्तरे मुख्याध्यापकांची कारकीर्द सविस्तर नोंदवितात; मात्र आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागविणाऱ्या मेट्रनची आणि पहाटे चूल पेटविणाऱ्या खानसाम्याची दखल त्यांत क्वचितच आढळते, ही उणीव मला फार मोठी वाटते.